वजनाचं इंजेक्शन चालू आहे, जाऊबाईंना सांगू का नको? (जानेवारी २०२६)

कळंबारोड:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ, काही चुकलं तर सांभाळून घ्या. विषय वजनाच्या इंजेक्शनचा आहे पण घेऊ का नको हे विचारायला आलेली नाही, ते सुरू करून सात महिने झाले. विचारायचंय ते सांगण्याबद्दल.

वय ४४, को-ऑपरेटिव्ह बँकेत नोकरी, घर कळंब्याच्या बाजूला, एकत्र कुटुंब. सासू-सासरे, मोठे दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं, आमचा एक. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत. जूनमध्ये वजन ८४ होतं, उंची पाच फूट एक इंच, शुगर काठावर, रात्री घोरणं इतकं की मुलगा हॉलमध्ये झोपायला लागला. माझ्या आईचं शुगरनं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय त्यामुळे डॉक्टरांनी मौंजारोचं नाव काढल्यावर मी फार आढेवेढे घेतले नाहीत. आधी अडीच मिलिग्रॅम चार आठवडे, मग पाच. काल सकाळी काट्यावर ७४. नवऱ्याला माहीत आहे, बाकी घरात कुणालाच नाही.

आता मुद्दा. गणपतीत पाहुणे आले तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, वाळलीस की गं, काय करायलीस? आणि माझ्या तोंडून गेलं, रंकाळ्यावर चालायला जाते. खोटं नव्हतं, जातेच मी. पण तेवढंच सांगितलं ना.

ते जाऊबाईंनी ऐकलं. त्यांना मी ताई म्हणते, वय ४९, वजन माझ्या आधीच्या वजनापेक्षा जास्त. म्हणाल्या, मी बी येतो उद्यापासनं. (आमच्याकडे बायका असंच बोलतात, बाहेरच्यांनी दचकू नये.) उद्या उद्या करत अखेर ऑक्टोबरपासून रोज पहाटे साडेपाचला आम्ही दोघी. त्यांनी रात्रीचा भात सोडला, चहातली साखर सोडली, माझ्या चहातली पण आपणहून बंद केली, दिवाळीत स्वतः केलेल्या चकल्यांतली एक खाल्ली नाही. साडेतीन महिन्यांत दीड किलो उतरलं. गेल्या आठवड्यात संध्यामठाजवळ कठड्यावर टेकल्या, गुडघा दाबत बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्यात जिद्द हाय बघ, माझ्यात न्हाई."

मी काहीच बोलले नाही. म्हटलं, होईल ताई, वेळ लागतो.

तेव्हापासून घशाखाली घास उतरत नाही, आणि तसाही इंजेक्शनमुळे दोनच उतरतात. सांगू का नको?

झणझणीत:

अजिबात सांगू नका. कोल्हापुरात एखादी गोष्ट सकाळी गंगावेशीत सांगितली की दुपारी राजारामपुरीत पोचते आणि पोचेपर्यंत तुमची एक किडनी गेलेली असते. मी थायरॉईडची गोळी चालू केली होती तर चुलत नणंदेनं फोन करून विचारलं, ऑपरेशन कधी हाय म्हणून.

आपलं शरीर, आपला पगार. कुणाला कशाला हिशोब द्यायचा.

उगाच_एक:

मला जरा वेगळं वाटतं, राग मानू नका. लपवावंसं वाटतंय म्हणजे आतून तुम्हालाच माहितीये की हा शॉर्टकट आहे. आमच्या पिढीत लोक सायकलवर ऑफिसला जायचे आणि ज्वारीची भाकरी खायचे, कुणाला इंजेक्शन लागलं नाही. नुसतं चालून आणि तोंडावर ताबा ठेवून वजन उतरतं, मी स्वतः नऊ किलो उतरवलंय.

शिरोळची_सून:

@उगाच_एक, उतरलं तुमचं, अभिनंदन. त्यांच्या ताईंचं उतरलं नाही की हो, भात सोडून चकली सोडून गुडघे मोडून. मग त्यांच्या तोंडावर ताबा नाही असं म्हणायचं का? हेच तर त्या बाईंनी स्वतःबद्दल ठरवून टाकलंय आणि त्याचंच तर कळंबारोड यांना वाईट वाटतंय. धागा नीट वाचा आधी.

पेठेतला_पैलवान:

शिवाजी पेठेतनं लिहितोय. माझी स्टोरी आईका मग ठरवा.

लहानपणापास्नं तालमीत. विशीत दिवसाला शंभर जोर, पाचशे बैठका, दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण सगळं पचायचं. मग लग्न, दुकान, तालीम सुटली पण खुराक काय सुटला न्हाई, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांचं हाय. ३८ व्या वर्षी ११८ किलो. बीपी आलं. डॉक्टरनं वेगोवी सुरू केलं, तसलंच दुसरं इंजेक्शन, ऑगस्टपास्नं, तवा तर सुरुवातीचाच डोस महिन्याला सतरा हजाराच्या वर जात हुता, नोव्हेंबरात कंपनीनं भाव उतरवला म्हणून जरा बरं.

मी सगळ्यास्नी सांगितलं. चौकात, कट्ट्यावर, तालमीच्या ग्रुपवर. मला वाटलं लपवायचं काय त्यात. पैले पंधरा दिवस लई भारी वाटलं मग सुरू झालं. सुईवर वाळलाय. पैलवान हवा गेलेल्या ट्यूबगत दिसायलाय. कुणी दंड दाबून बघायचं. मी चार जिने चढून आलो तर म्हणायचे इंजेक्शन चढलं. सकाळी सहाला उठून पुन्हा मेहनत चालू केलीय ती कुणाला दिसत न्हाई कारण सगळं क्रेडिट सुईला. ते लागतंय भावा मनाला, खोटं कशाला बोलू.

पण दुसरी बाजू बी हाय. जे चौकात सगळ्यात मोठ्यांदा हसले त्यातल्या तिघांनी रात्री साडेदहानंतर फोन केला, आवाज बारीक करून, डॉक्टरचं नाव काय रे, दुखतंय का रे. त्यातला एक जण तर बायकोच्या माघारी बाथरूममधनं बोलत हुता. जर मी सांगितलं नसतं तर ते बिचारे कुणाला विचारणार हुते.

तर माझा हिशोब अजून लागला न्हाई. सांगून पस्तावलो बी आणि न्हाई बी.

झणझणीत:

बाथरूममधनं!! हसून हसून मेले.

औषधवाला:

स्टेशन रोडच्या बाजूला मेडिकल आहे माझं, डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, त्यामुळे घ्या किंवा थांबवा असं काही सांगणार नाही. पण धाग्यात थोडं ज्ञान पाजळतो.

एक म्हणजे @उगाच_एक यांना. मौंजारो म्हणजे टिरझेपटाईड आणि वेगोवी म्हणजे सेमाग्लुटाईड. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं जे मेंदूला सांगतं की पुरे आता, आणि जठर सावकाश रिकामं होतं. ही औषधं त्याचीच नक्कल करतात, टिरझेपटाईड त्याच्या जोडीला जीआयपी नावाच्या दुसऱ्या हार्मोनचं पण काम करतं. म्हणजे 'तोंडावर ताबा' ज्याला आपण म्हणतो त्यातला बराचसा भाग पोटातून मेंदूला जाणारा निरोप आहे. काहींचा निरोप वेळेत पोचतो, काहींचा नाही. नऊ किलो उतरवलंत त्यात तुमचे कष्ट आहेतच, पण तुमचा पोस्टमन पण चांगला निघाला. शिवाय वजन कमी व्हायला लागलं की शरीर भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं, त्यामुळे वर्षभर टिकवणं हे उतरवण्यापेक्षा अवघड असतं.

दुसरं, हे थांबवलं की वजन परत येतं. सेमाग्लुटाईडच्या मोठ्या ट्रायलमध्ये औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं साधारण दोन तृतीयांश परत आलं होतं. हे मी मुद्दाम लिहितोय कारण सांगायचं का नाही हा प्रश्न एकदाच येत नाही. समजा लपवलंत आणि पुढे कधी बंद करावं लागलं, तर तेव्हा लोक म्हणणार चालायचं सोडलं वाटतं. त्याचं उत्तर पण तयार ठेवायला लागेल.

तिसरं, लोकांना सांगा नाहीतर नका सांगू, पण डॉक्टर, डेंटिस्ट, भूल देणारे डॉक्टर यांना सांगायलाच पाहिजे. आणि घरात निदान एका माणसाला, ते तुम्ही केलंयच. पोटात जोराची कळ येऊन ती पाठीत गेली आणि थांबेना, उलट्या होतायत, तर ते स्वादुपिंडाचं असू शकतं, अशा वेळी दवाखान्यात काय चालू आहे ते सांगणारं कुणीतरी हवं.

आणि फ्रिजमध्ये कुठे ठेवता? लपवायच्या नादात लोक कुठेही ठेवतात म्हणून विचारतोय.

कळंबारोड:

सगळ्यांचे आभार. @औषधवाला, दारात ठेवते, लोणी ठेवायच्या कप्प्यात, पुढे सॉसची बाटली. तिकडे सासूबाईंचा हात जात नाही.

@पैलवान, ते क्रेडिटचं तुम्ही बरोबर बोललात. खरं सांगू का, मला ते "जिद्द आहे" ऐकायला आवडतं. आयुष्यभर माझ्याबद्दल कुणी असं म्हटलेलं नाही. लग्नात फोटोग्राफर म्हणाला होता वहिनी जरा तिरक्या उभ्या राहा. बँकेत खुर्ची बदलून दिली तेव्हा शिपाई म्हणाला मॅडमना दणकट द्या. आता त्याच काउंटरवर बायका येऊन विचारतात काय केलंत, आणि मी 'चालते, रात्री लवकर जेवते' असं सांगते तेव्हा माझा आवाज सुद्धा बदलतो. हे लिहिताना लाज वाटतेय पण इथे कुणी ओळखत नाही म्हणून लिहिलं.

आणि खोटं एक बोलून भागत नाही. दुसऱ्याच महिन्यात भाचीच्या मुलाच्या जावळाला गेलो, आपल्याकडचं जावळ म्हणजे माहितीये, मांडव घालून मटण. पंगतीत वाढपी तांबडा पांढरा घेऊन फिरतायत, आणि मी वाटीत पांढरा घेतला, दोन घोट प्यायले आणि पुढे जाईना, त्यातलं नारळाचं दाट दूध पोटात दगडासारखं बसलं. मामेसासूबाई शेजारी. घे की, लाजतीस काय, घरचं हाय. अजून एक डाव. मग मांडवामागे जाऊन जे व्हायचं ते झालं. बाहेर येऊन म्हटलं ॲसिडिटी. त्यानंतर मी गुरुवार धरलाय, संकष्टी धरलीय, शनिवार धरलाय, सासूबाई शेजारणीला सांगत होत्या की धाकटी अलीकडे फार देवाधर्माला लागलीय.

पुण्यात_अडकलेला:

हाहाहा देवाधर्माला. पुण्यात एवढा त्रास नाही, इथे पंगतीत कुणी आग्रहच करत नाही.

चिंचेचं_बोटूक:

@पुण्यात_अडकलेला, कोपरापासून नमस्कार.

शिरोळची_सून:

औषधवाल्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांचं लिहिलं म्हणून सांगते, नाहीतर सांगणार नव्हते.

माझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन होतं गेल्या वर्षी. वजन भराभर उतरलं की खडे होण्याची शक्यता वाढते हे नंतर कळलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूलवाले डॉक्टर आले, कागद हातात, बीपी आहे का, दमा आहे का, कुठलं औषध चालू आहे का. आणि माझ्या उशाशी नणंद उभी, थर्मास घेऊन. मी म्हटलं काही नाही. चार दिवसांपूर्वीच इंजेक्शन घेतलेलं.

रात्रभर झोप नाही. कारण मी वाचलं होतं कुठेतरी की ह्या औषधानं पोट लवकर रिकामं होत नाही, उपाशी राहूनसुद्धा आत अन्न असू शकतं, आणि भुलीत ते वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेततं. पहाटे पाचला सिस्टर बीपी बघायला आली तेव्हा तिचा हात धरून सांगितलं. मग धावपळ, डॉक्टरांचा फोन, ऑपरेशन पुढे ढकललं. डॉक्टर काही रागावले नाहीत, फक्त म्हणाले काल का नाही सांगितलं. नणंद अजून थर्मास घेऊन उभीच. तिला तेव्हाच कळलं, सगळ्या वॉर्डासमोर, गाऊन घालून आडवी पडलेल्या अवस्थेत. यापेक्षा स्वयंपाकघरात ओट्यापाशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

नणंद काही बोलली नाही. पण नंतर सहा महिने माझ्या ताटाकडे बघायची, म्हणजे अजून बघते.

आईची_लेक:

मी पण विचारू का इथेच? वय २७, इचलकरंजी. पीसीओडी आहे, वजन ९१ होतं, ऑक्टोबरपासून इंजेक्शन चालू, आता ८३. आईनं सक्त ताकीद दिलीय की स्थळं येतायत तोपर्यंत कुणाला बोलायचं नाही, बायोडाटावरचा फोटो पण नवीन काढून घेतला. पण मला असं वाटतं की लग्न ठरलं तर त्याला सांगायला पाहिजे ना? आई म्हणते लग्नानंतर बंदच करायचंय मग कशाला.

औषधवाला:

ताई, बंद करायचं का हे डॉक्टर ठरवतील, आई नाही. पण लग्नाच्या दृष्टीनं दोन गोष्टी डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत. सेमाग्लुटाईड असेल तर मूल हवं असण्याच्या किमान दोन महिने आधी थांबवायला सांगतात. आणि टिरझेपटाईड असेल तर गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, सुरू करताना आणि प्रत्येक वेळी डोस वाढवताना चार आठवडे दुसरी काळजी घ्यायला लागते. शिवाय पीसीओडीत वजन उतरलं की बंद झालेली पाळी सुरू होऊन अचानक दिवस राहू शकतात. म्हणजे नवऱ्याला सांगायचं का नाही हा प्रश्नच उरत नाही, दोघांचंच काम आहे ते.

@कळंबारोड, दारातून काढा आधी. दार सारखं उघडझाप होतं, तापमान वर-खाली होतं. न वापरलेलं पेन दोन ते आठ डिग्रीत, मधल्या फळीवर, पण मागच्या भिंतीला किंवा फ्रीझरला चिकटून नाही, गोठलं तर ते फेकून द्यायचं. साडेसतरा हजाराचं पेन सॉसच्या बाटलीमागे!

चिंचेचं_बोटूक:

आईची_लेक, पहिल्या भेटीत सांगू नकोस, कुणी पहिल्या भेटीत मूळव्याध सांगत नाही. पण होकार जायच्या आधी सांग. ऐकून पळाला तर साखरपुड्याचा खर्च वाचला.

मुख्य विषयावर, मी मुलासाठी ट्रीटमेंट घेतली होती, चार वर्षं, इंजेक्शनं, फ्रिज, डबा, सगळं हेच. सासरी अजून कुणाला माहीत नाही, मुलगा सातवीत आहे. मला कधी अपराधी वाटलं नाही. पण माझ्या धाकट्या जावेला मूल होत नव्हतं आणि ती नवस बोलत फिरत होती तेव्हा मी तिला एकटीला सांगितलं होतं. म्हणजे मला वाटतं ज्याचं त्यानं लपवावं, पण आपलं लपवणं दुसऱ्याच्या गुडघ्यावर येत असेल तर विचार करावा.

उगाच_एक:

धागा परत वाचला. शॉर्टकट म्हणालो ते मागे घेतो, निदान अर्धं. माझ्या मोठ्या बहिणीचं वजन कधीच उतरलं नाही आणि मी तिला प्रत्येक राखीला हेच ऐकवत आलोय, सायकल, भाकरी. पोस्टमनचं उदाहरण वाचून जरा गप्प बसलो.

पण एक शंका. महिन्याला साडेसतरा हजार, ते पण कायमचं असू शकतं. ज्यांना परवडत नाही त्यांना सांगून उपयोग काय? नुसतं जळवायचं?

कळंबारोड:

हाच माझा दुसरा काटा आहे, तुम्ही नेमका त्यावरच बोट ठेवलं.

ताईंची नोकरी नाही. घरखर्च भाऊजींच्या हातात, ताईंना साडी घ्यायची तरी आधी महिनाभर पेरणी करावी लागते. मी माझ्या पगारातून करते, त्यासाठी सोन्याची भिशी बंद केली, मिस्टरांनी गाडी बदलायचं पुढे ढकललं. मी ताईंना सांगितलं तर त्यांना एक दार दाखवणार ज्याला बाहेरून कुलूप आहे. त्यापेक्षा जिद्द कमी पडली असं वाटलेलं बरं का? रात्री एकदा वाटतं बरं, एकदा वाटतं हे मी माझ्याच सोयीचं बोलतेय.

शिरोळची_सून:

सोयीचंच आहे. त्यांच्याकडे पैसे नाहीत हे त्यांचं त्यांना ठरवू दे की, तुम्ही त्यांच्या वतीनं गरीब कशाला होताय. आणि पैसे नसले तरी "माझ्यात काही कमी नव्हतं" एवढं कळणं फुकट आहे.

औषधवाला:

भावाबद्दल एक. सेमाग्लुटाईडचं भारतातलं पेटंट येत्या मार्चमध्ये, म्हणजे मार्च २०२६ ला, संपतंय, आपल्या कंपन्या तयारीत आहेत, स्पर्धा आली की दर खाली येतील असं सगळे धरून चाललेत. किती ते मी सांगणार नाही, माझ्या काउंटरवर येईल तेव्हा बघू. पण स्वस्त झालं म्हणून कुणीही उठून घ्यायचं नाही, घरात थायरॉईडच्या मेड्युलरी प्रकारच्या कॅन्सरचा इतिहास असेल तर ही औषधं देत नाहीत, शुगरच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर शुगर खूप खाली जाऊ शकते. दुकानात लोक मोबाईलवर फोटो दाखवून मागतात, मेहुणीला चालू आहे तेच द्या म्हणून. चिठ्ठीशिवाय मिळणार नाही म्हटलं की माझ्यावरच चिडतात.

पेठेतला_पैलवान:

मार्चपर्यंत आमचा बाथरूमवाला मित्र थांबलाय, रोज कॅलेंडर बघतोय.

वैनी, सांगून टाका. पण घरात नको, रंकाळ्यावर सांगा. चालता चालता सांगितलं की तोंडाकडं बघायला लागत न्हाई.

(आठ दिवसांनी)

कळंबारोड:

रथसप्तमीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं, ते होऊ दिलं. घरात चाळीस बायका आणि त्यात आम्ही दोघी अबोला धरून फिरणं परवडलं नसतं. तेव्हा पण लक्षात आलं, ताईंनी माझ्या हातात तिळगूळ ठेवला तो चिमटीएवढा, बाकी सगळ्यांना लाडू. मला वाटलं डाएटला साथ देतायत.

सोमवारी पहाटे सांगितलं. अंधार होता, शालिनी पॅलेसच्या बाजूला पोचलो होतो. मी बरंच पाठ करून गेले होते पण तोंडातून एवढंच आलं, "ताई, मी नुसतं चालून वाळले नाही, मला इंजेक्शन चालू आहे." त्या थांबल्या नाहीत. चालतच राहिल्या, उलट वेग वाढवला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ते फ्रिजातलं?"

दिवाळीची साफसफाई करताना बघितलं होतं त्यांनी. त्यांना वाटलं मला शुगर निघाली आणि ते इन्सुलिन आहे. मी लपवलंय म्हणजे मला कुणाला कळू द्यायचं नसणार म्हणून तीन महिने त्या गप्प. माझ्या चहातली साखर म्हणूनच बंद, तिळगूळ म्हणूनच चिमटीएवढा. ते "तुझ्यात जिद्द हाय" पण त्यातलंच होतं, शुगर असून एवढी हिंडते म्हणून. सासूबाईंनी एकदा सॉसची बाटली काढायला दार उघडलं तर ताईंनीच पुढे होऊन काढून दिली होती म्हणे. मी तिकडे बिनघोर, की कुणाचा हात जात नाही.

मी रडायलाच लागले. त्या रडल्या नाहीत, चिडल्या. इंजेक्शनवर नाही. म्हणाल्या, "मी तुझ्यासाठी अंबाबाईला शुक्रवार बोलले हुते, आणि तू सोताच्या तब्येतीचं मला सांगिना झालीस? आणि माझी चकली?" चकलीवर फार राग होता. परत परत चकलीच काढत होत्या, एक सुद्धा खाल्ली न्हाई मी, एक.

मंगळवारी आल्या नाहीत चालायला. बुधवारी पण नाही. घरात "कुकर लाव" आणि "दूध उतू जाईल" एवढंच बोलणं. गुरुवारी सकाळी मी दूध काढायला फ्रिज उघडला तर लोण्याचा कप्पा रिकामा, काळजात धस्स झालं. ताई मागून म्हणाल्या, "मधल्या फळीवर, दह्याच्या पातेल्याच्या आड ठेवलंय." मी त्यांना औषधवाल्यांचं काही सांगितलेलं नव्हतं, त्यांनी खोक्यावरचं वाचायला मुलीला लावलं होतं. म्हणजे आता पुतणीला पण माहीत झालं.

मग म्हणाल्या, "कितीला पडतंय?" मी आकडा सांगितला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, भाकरी थापत होत्या. "एवढ्यात माझं वरीस निघतंय बाई." आणि मग, शनिवारी त्या डॉक्टरकडं मला बी ने, गुडघ्याचं तरी इचारू. भाऊजींना काय सांगायचं ते त्या बघणार आहेत.

झणझणीत:

चकली!! अहो मी इथे डोळे पुसतेय आणि हसतेय. आत्ता घाला तळायला, दोन किलोची.

शिरोळची_सून:

तीन महिने तुमच्यासाठी गप्प बसली ती बाई. मला अशी नणंद का नाही मिळाली.

औषधवाला:

गुडघ्यासाठी जाताच आहात तर शुगर, थायरॉईड दोन्ही बघून घ्या ताईंचं, पन्नाशीला आल्यात. आणि वापरलेल्या सुया कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, घंटागाडीवाल्यांच्या हाताला टोचतात. जाड प्लॅस्टिकच्या बरणीत साठवून बंद करून द्या.

पेठेतला_पैलवान:

थांबा थांबा. कळंब्याकडचं घर, बँकेत नोकरी, दोघी जावा, पहाटे साडेपाच, एकीचा गुडघा दुखतोय आणि सोमवारी शालिनी पॅलेसपाशी एक बाई रडत हुती आणि दुसरी चकली चकली करत पुढं निघाली हुती.

मी मागनंच पळत हुतो वैनी. कुणाला सांगत न्हाई.

कळंबारोड:

निळी कानटोपी तुम्हीच का?